एकोणिसावं होल : ३८ मिलिमीटर

गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा खेळ आणि पाण्याची उधळपट्टी, असं आपल्यापैकी बहुतेकांचं मत. माझंही आहे! पण सिव्हिलवाल्याच्या नजरेने बघा. अठरा होलच्या कोर्सला दीडशे एकरांच्या आसपास जागा लागते आणि त्यातल्या बऱ्याच भागात चेंडू क्वचितच जातो. तरी तिथेही कटिंग, फवारणी, पाणी चालूच.

अमेरिकेत ऑडुबॉन इंटरनॅशनल या संस्थेने १९९१ पासून अशा जागा वन्यजीवांना परत देण्याचा कार्यक्रम चालवला आहे. 'ग्रीन'वरचं गवत तीन-साडेतीन मिलिमीटरवर कापावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण लांबच्या 'रफ'मध्ये मशीन फिरवणं थांबवलं की स्थानिक गवतं वाढतात, किडे येतात, मागोमाग पक्षी. तळ्याकाठी न कापलेला पट्टा ठेवला की पावसाबरोबर वाहणारं खत बरंचसं तिथेच अडतं, बेडूक आणि चतुरांना आसराही मिळतो.

मला सगळ्यात आवडलं ते ब्लूबर्डचं घर. हा पक्षी झाडाच्या ढोलीत राहतो. पण वाळलेलं झाड 'बरं दिसत नाही' म्हणून तोडलं जातं. मग ढोली कुठून येणार? त्यात युरोपातून आणलेले स्टार्लिंग उरलेल्या ढोल्या बळकावतात. उपाय काय, तर लाकडी पेटी आणि तिला दीड इंची, म्हणजे ३८ मिलिमीटरचं भोक. ब्लूबर्ड शिरतो, स्टार्लिंग बाहेरच राहतो. वर्कशॉपमध्ये टॉलरन्सवरून आपण सरांची बोलणी खातो. इथे चार-पाच मिलिमीटर वाढले तर घर दुसऱ्याच्या ताब्यात! चिमण्या मात्र एवढ्यातूनही शिरतात, म्हणून पेटी अधूनमधून उघडून बघावी लागते.

२०१८ मध्ये याच संस्थेने मोनार्क फुलपाखरांसाठी रफमध्ये मिल्कवीड लावायची मोहीम काढली. मोनार्कच्या अळ्या दुसरं काही खातच नाहीत. मिल्कवीड आपल्या रुईच्या कुळातलं. हॉस्टेलमागच्या रुईची पानं उलटून बघा, प्लेन टायगरच्या पट्टेरी अळ्या सापडतील.

अर्थात, जंगल तोडून कोर्स बांधायचा आणि वर चार पेट्या टांगायच्या, याला माझा साफ विरोध. हे आहे ते आधीच झालेल्या कोर्ससाठी. तिथेही खेळणाऱ्यांची तक्रार ठरलेली : उंच गवतात चेंडू सापडत नाही. म्हणून असे पट्टे आखताना आधी चेंडू कुठे-कुठे पडतात ते पाहतात आणि गवत त्याच्या पलीकडे वाढू देतात.