भोंगा थांबला, घंटा वाजली

बंद पडलेली गिरणी कशी दिसते, हे सोलापूरच्या बाईला वेगळं सांगायला नको. मी वाढले ती लक्ष्मी-विष्णू गिरणीच्या भोंग्यावर. भोंगा झाला की आई तवा चढवायची, भोंगा झाला की आमच्या वेण्या सुरू. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली, तेव्हा घरोघरी घड्याळं असूनसुद्धा गल्लीतल्या बायकांच्या वेळा बरेच दिवस चुकत होत्या. मग उरल्या नुसत्या भिंती. त्या भिंतींकडे बघून 'आता इथं काही व्हायचं नाही' असं म्हणायची सवय आम्हाला लागली ती लागलीच.

म्हणूनच की काय, ताईकडे न्यूयॉर्कला गेले तेव्हा उंच उंच इमारती बघून मला काही फार नवल वाटलं नाही. माझी नजर अडकली ती एका जुन्या कारखान्यावर!

साल होतं 1999. ताईचं ऑपरेशन होतं, म्हणून मे महिन्यात जायचं आधीच ठरलेलं. पण जाताना मन थाऱ्यावर नव्हतं. एप्रिलमध्ये धाकटा नववीत नापास झाला होता. बाई, नापास झाला याचं दुःख नाही. शाळेनं मला बोलावून घेतलं आणि गोड शब्दांत सांगितलं, "दाखला काढून न्या. आमचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागतो, तुमच्या मुलाचंही इथं नुकसान होईल." शाळेचं नाव कशाला सांगू? अशा शाळा तुमच्याही गावात असतील. माझ्या पर्समध्ये तो दाखला होता आणि डोक्यात एकच किडा, या पोराला आता बसवू कुठं?

ताई राहते एल्महर्स्टला. तिथून मॅनहॅटनला जायला सात नंबरची गाडी. ही गाडी रस्त्याच्या वर, लोखंडी पुलावरून धावते. खाली साड्यांची, मिठाईची, सोन्याची दुकानं. क्षणभर वाटतं आपण दादरलाच आहोत. पुढं गेलं की कारखाने लागतात. तेहेतिसाव्या रस्त्याचं स्टेशन आलं तसं भावजी म्हणाले, "ती बघ तिकडं, शाळा आहे."

"शाळा कसली भावजी? कारखानाच आहे की!"

"होता," भावजी म्हणाले.

तोफांचा हिशोब करणारा कारखाना

मैत्रिणींनो, त्या भागाचं नाव लाँग आयलंड सिटी. एके काळी अर्ध्या अमेरिकेच्या घरातल्या वस्तू इथून जात असाव्यात असं वाटावं, अशी तिथली यादी. बिस्किटं, पाव, च्युइंग गम, स्टेपलर. सनशाइन बिस्किटांची बेकरी तर 'हजार खिडक्यांची बेकरी' म्हणून ओळखली जायची. 1965 साली बिस्किटवाले उठून शेजारच्या न्यू जर्सी राज्यात गेले. सिल्व्हरकप पावाची बेकरी सत्तरच्या दशकात बंद झाली, 1983 पासून तिथं सिनेमांचा स्टुडिओ आहे. च्युइंग गमच्या कारखान्यात 1976 साली मोठा स्फोट होऊन सहा माणसं गेली. स्टेपलरवाले मी गेले त्याच सुमारास मेक्सिकोला निघाले होते. एकेक करून दिवे मालवत गेले म्हणा ना.

भावजींनी दाखवलेली इमारत टॉमसन अॅव्हेन्यूवरची. इथं फोर्ड इन्स्ट्रुमेंट कंपनी होती. मोटारवाला हेन्री फोर्ड निराळा बरं का, हा हॅनिबल फोर्ड! यानं काय केलं, तर लढाऊ जहाजांसाठी हिशोब करणारी यंत्रं बनवली. आपलं जहाज चालतंय, शत्रूचंही चालतंय, मग तोफ नेमकी कुठं रोखायची? तो सगळा हिशोब दातेरी चक्रं आणि दांड्यांनी करायचा. शिवणयंत्राचं झाकण उघडून बघितलंय ना कधी? तसलंच पोट, फक्त शेकडो पटींनी गुंतागुंतीचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या जहाजांवर ही यंत्रं होती.

युद्ध संपलं, पुढं इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली, चक्रांचे दिवस गेले. सत्तरच्या सुमारास न्यूयॉर्कच्या सरकारी विद्यापीठाला या भागात एक नवं कॉलेज काढायचं होतं. कामगारांच्या, नव्यानं आलेल्या परदेशी लोकांच्या मुलांसाठी. नवी इमारत बांधायला पैसा आणि वेळ दोन्ही नव्हते. त्यांनी हा कारखाना घेतला. सप्टेंबर 1971 मध्ये 537 विद्यार्थ्यांनिशी कॉलेज सुरू झालं. नाव दिलं न्यूयॉर्कचे जुने महापौर ला गार्डिया यांचं. इथं पुस्तकांबरोबर प्रत्येकानं काही महिने बाहेर प्रत्यक्ष नोकरी करायचीच, असा सुरुवातीला दंडक होता. पुढं ती हजार खिडक्यांची बेकरीसुद्धा कॉलेजकडेच आली.

पण मला सांगायचंय ते कॉलेजबद्दल नाही. त्या कॉलेजच्या पोटात जी शाळा काढली, तिच्याबद्दल. आणि ती काढली एका बाईनं.

पोरांना कॉलेजातच बसवलं तर?

जॅनेट लिबरमन मानसशास्त्राच्या प्राध्यापिका. कॉलेजची आखणी करणाऱ्या मंडळींत त्या पहिल्यापासून होत्या. त्यांचं म्हणणं असं, की सोळा ते वीस हे वय एकसलग आहे, त्याच्या मधोमध आपण एक भिंत घातली. भिंतीच्या अलीकडे हायस्कूल, पलीकडे कॉलेज. ज्यांच्या घरात कोणी शिकलेलं नाही ती पोरं भिंतीपर्यंत येतात आणि तिथूनच परत फिरतात. तेव्हा हायस्कूलची शेवटची वर्षं कॉलेजातच काढली तर?

1974 साली 'मिडल कॉलेज हायस्कूल' सुरू झालं. पहिल्या वर्षी दहावीत सव्वाशेच्या आसपास मुलं घेतली. आता खरी गंमत ऐका. मुलं घेतली कुठली? हुशार नव्हे, मेरिटवाली नव्हे. ज्यांची हजेरी कमी, जे नापास, जे आज ना उद्या शाळा सोडणार असं मास्तरांनी लिहून दिलेलं, अशी वेचून घेतली. आमच्या शाळेनं ज्यांना दाखला हातात दिला असता, तेवढीच नेमकी!

हे वाचलं (पुढं ताईच्या घराजवळच्या वाचनालयात बसून मी बरंच वाचून काढलं, इंग्रजी हळूहळू का होईना) तेव्हा मला वाटलं, अशी पोरं एकत्र कोंडली म्हणजे नुसता दंगा. कॉलेजातल्या काही प्राध्यापकांनाही हेच वाटलं होतं. पण तिथं एक साधी युक्ती होती. या मुलांना कोपऱ्यात टाकलं नाही. कॉलेजच्या मुलांना जे ओळखपत्र तेच यांना. तीच लायब्ररी, तेच जिमखाने, तेच कँटीन. लायब्ररीत शेजारच्या टेबलावर पंचविशीची, तिशीची माणसं, दिवसा नोकरी करून आलेल्या बायका मान खाली घालून अभ्यास करताहेत. तिथं सोळा वर्षांचं पोर किती आरडाओरडा करील? जागेचाच वचक, आणि जागेचाच मान. मुलाला चारचौघांत 'मोठा' म्हणून वागवलं की तो थोडा मोठा होतो, हे आपण लग्नकार्यात बघतोच की. पानं वाढायला उभा केलेला मुलगा त्या दिवशी खोड्या करीत नाही.

शिवाय शाळा लहान, पाचशेच्या आत. प्रत्येक शिक्षकाला प्रत्येक पोर नावानं ठाऊक. आठवड्यात गटानं बसून आपापली अडचण बोलायची. आणि वर्षातले काही आठवडे पोरांनी शाळेबाहेर काम करायचं. कोणी इस्पितळात, कोणी बालवाडीत, कोणी म्हाताऱ्या माणसांच्या केंद्रात. पगार नाही, पण त्याचे गुण धरले जातात. ज्या मुलाला आयुष्यभर 'तुझा काही उपयोग नाही' असं ऐकवलं, त्याची रोज सकाळी कोणीतरी वाट बघतंय, ही गोष्ट लहान नाही हो. जी मुलं नेटानं पुढं जायची त्यांना हायस्कुलात असतानाच कॉलेजचे विषयही घेता यायचे.

सगळं गोड गोड चाललं असं मात्र नाही. शाळा बोर्डाची आणि जागा विद्यापीठाची, म्हणजे दोन सासवांची एक सून. त्यात दुसऱ्याच वर्षी, 1975 ला, न्यूयॉर्क शहराचं दिवाळं वाजायची वेळ आली. हजारो शिक्षकांना घरी बसवलं. शिकवणी फुकट होती त्या विद्यापीठानं 1976 पासून फी सुरू केली. तरीही शाळा टिकली. पुढं तिचं बघून अमेरिकेत ठिकठिकाणी अशा शाळा निघाल्या.

तळघरातली शाळा

त्याच कॉलेजात 1985 साली आणखी एक हायस्कूल निघालं. याच्या मागेही लिबरमनबाई होत्या. एरिक नाडेलस्टर्न हे पहिले मुख्याध्यापक. ही शाळा भरायची मुख्य इमारतीच्या तळघरात. प्रवेश कोणाला? देशात येऊन चार वर्षं झाली नाहीत आणि इंग्रजी धड येत नाही, अशांनाच. परत तोच उलटा न्याय! इंग्रजी येतंय का? मग दुसरीकडे जा.

1965 च्या कायद्यानं अमेरिकेची दारं आशियाच्या लोकांना उघडली आणि क्वीन्स भागात जगभरची घरं आली. भावजीही त्याच लाटेतले, 1974 चे. या शाळेत एकेका टेबलाशी तीन-चार भाषांची मुलं मिसळून बसवत. प्रयोग विज्ञानाचा असो की इतिहासाचा, गटानं करायचा. अडलं तर आपापल्या भाषेत बोला, समजून घ्या, पण शेवटी इंग्रजीत मांडा. इंग्रजीचा असा वेगळा तास ठेवण्यापेक्षा गणिताच्या शिक्षकानंसुद्धा भाषा शिकवायची. आणि शेवटी नुसती तीन तासांची परीक्षा नाही. केलेल्या कामाची फाईल घेऊन शिक्षकांच्या मंडळापुढं बसायचं आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मुलगी दाखवतात तसं नव्हे, इथं बोलायचं मुलानं आणि ऐकायचं मोठ्यांनी.

आपली मुलगी इथं शिकली असती तर मला आवडलं असतं का? खरं सांगू, आधी मी बिचकले असते. गटात बसून अभ्यास म्हटलं की एक राबतो आणि तीन बघतात, हा आपला अनुभव. आणि एवढ्या अफाट शहरात अशी पाचशे-पाचशे मुलांची शाळा म्हणजे दुष्काळात तांब्याभर पाणी, असंही वाटलं. पण तांब्या ज्याच्या हातात आला त्याला विचारा.

ताई हिंडू-फिरू लागली तशी मी जुलैत परत आले. धाकट्याला दुसऱ्या शाळेत घालायला म्हणून दोन ठिकाणी हिंडले. दोन्हीकडं दाखला बघून नकार. शेवटी चुलतभावानं सतरा नंबरच्या फॉर्मची माहिती काढली. शाळेत न जाता, बाहेरून दहावीला बसायचं. पण घरी बसून हा अभ्यास करील यावर यजमानांचाही विश्वास नव्हता आणि माझाही.

तेव्हा मला ती लायब्ररी आठवली. आमच्या इथं वाचनालयाची एक अभ्यासिका आहे. तिथं स्पर्धा परीक्षांना बसणारी मोठी मुलं रात्री उशिरापर्यंत असतात. मी व्यवस्थापकांना गाठलं. ते म्हणाले, "ताई, दहावीच्या पोरांना आम्ही घेत नाही. गोंगाट करतात." मी म्हटलं, "दोन महिने ठेवून बघा. एकदा जरी बोलला तरी मी स्वतः येऊन घेऊन जाईन." दरमहा वर्गणी भरली. डब्यात पोळी-भाजी दिली.

पहिल्या आठवड्यात तो रोज रडकुंडीला येऊन परतायचा. पंधरा दिवसांनी येऊन म्हणाला, "आई, त्या कोपऱ्यातल्या दादाचे त्रिकोणमितीचे प्रश्न मला आले." दिवाळीनंतर मला त्याला उठवावं लागलं नाही. गणितात अडला की त्याच मोठ्या मुलांपैकी कोणीतरी सांगायचं. बदल्यात हा त्यांच्यासाठी चहा आणायचा आणि वर्तमानपत्रं तारखेनं लावून ठेवायचा. ते काम त्याच्याकडं कोणी सोपवलं नव्हतं.

पुढल्या वर्षी निकाल लागला. गणितात अडतीस, बाकी ठीक. पास.

यजमान म्हणाले, "त्या जुन्या शाळेत पेढे देऊन ये." मी अर्धा किलो आणले, पुडी घेऊन निघाले आणि कोपऱ्यावरून वळले ती सरळ अभ्यासिकेत गेले. उरलेले घरी येईपर्यंत त्यानंच संपवले.