आखूड दावे आणि कायदा

गवळाऊ ही वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, आष्टी, कारंजा भागातली चपळ, चरून वाढणारी गोवंशजात. असे जनावर दिवसभर हातभर दाव्याला जखडले की मान गव्हाणीपाशीच अडकते, धड बसता येत नाही, दावे घासून मानेला जखम होते.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा जनावर बांधायला मनाई करत नाही. अवाजवी आखूड किंवा जड दोर-साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, हा कलम 11 नुसार गुन्हा आहे. कायम साखळीत ठेवलेल्या कुत्र्याला फिरवले नाही, तरी मालक दोषी ठरतो.

खरी अडचण अंमलबजावणीची. किती हात दोर म्हणजे आखूड, किती तास म्हणजे जास्त, हे कलम सांगत नाही. त्यात गुन्हा अदखलपात्र. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांना तपास करता येत नाही. खटला दाखल करायला तीन महिन्यांची मुदतही आहे. म्हणून तारखेसह छायाचित्रे आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा जखमेचा दाखला फार मोलाचा. कलम 34 नुसार शिपायाहून वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी जनावर तपासणीसाठी ताब्यात घेऊ शकतो, आणि मुक्या जिवाला तातडीचा आधार मिळतो तो इथेच.

पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. तीन वर्षांत पुन्हा केल्यास 25 ते 100 रुपये, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.