आइसलंडांतील एक दुर्मिळ मातृवंश

आपल्याकडे वंशावळ म्हटली म्हणजे ती बापाकडून मुलाकडे व मुलाकडून नातवाकडे उतरत आलेली असावयाची. पणजोबांचें नांव, त्यांच्या वडिलांचें नांव घरांतील वडीलधाऱ्यांस सहज सांगतां येतें. पण पणजीच्या आईचें नांव काय, असें विचारलें तर बहुतेकांस गप्पच बसावें लागतें. परंतु कागदावर जें कोणीं लिहून ठेविलें नाहीं, तें निसर्गानें प्रत्येकाच्या शरीरांत लिहून ठेविलें आहे. हा लेख वाचण्याची विद्या माणसास अलीकडे साध्य झाली, आणि तिच्या योगानें उत्तर अटलांटिक महासागरांतील आइसलंड बेटावर एक विलक्षण गोष्ट उजेडांत आली. तिची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस मनोरंजक वाटेल असें समजून येथें देत आहों.

प्रथम त्या लेखाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. शरीरांतील बहुतेक सर्व पेशींत तंतुकणिका नांवाचे अतिसूक्ष्म कण असतात. शास्त्रज्ञ त्यांस मायटोकाँड्रिया म्हणतात. अन्नापासून पेशीस लागणारी शक्ति निर्माण करणें हें त्यांचें काम. पेशीच्या केंद्रांतील डी. एन. ए. आईबाप दोघांकडून येतो. पण या कणांचा स्वतःचा असा एक लहानसा डी. एन. ए. असतो आणि तो केवळ आईकडूनच मिळतो, कारण बापाकडून आलेले कण गर्भाच्या आरंभींच नष्ट होतात. त्याचा मजकूर अवघा १६,५६९ अक्षरांचा. केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनीं १९८१ सालीं तो पहिल्यानें संपूर्ण वाचला. आई हा मजकूर मुलास व मुलीस सारखाच देते, परंतु मुलास तो पुढें देतां येत नाहीं. ज्या स्त्रीस सर्व मुलगेच झाले, तिचा हा धागा तेथेंच तुटला असें समजावें.

जुन्या काळीं पोथ्यांच्या नकला होत, तेव्हां लेखकाच्या हातून क्वचित् एखादें अक्षर चुके, आणि त्या नकलेवरून पुढें उतरलेल्या सर्व प्रतींत ती चूक कायम राही. येथेंही तसेंच घडतें. पुष्कळ पिढ्यांनीं एखादें अक्षर बदलतें, व तो बदल लेकीच्या लेकीकडे तसाच जातो. समान बदलांवरून शास्त्रज्ञांनीं मानवजातीचे मातृवंश लावले असून त्यांस ए, बी, सी अशीं नांवें दिलीं आहेत.

आतां आइसलंडकडे वळूं. या बेटाची वसाहत तशी अलीकडची. इ. स. ८७० च्या सुमारास नॉर्वेकडील दर्यावर्दी लोकांनीं तेथें बिऱ्हाडें थाटलीं. येतांना त्यांनीं स्कॉटलंड व आयर्लंड येथील अनेक स्त्रिया बरोबर आणिल्या. कांहीं पत्नी म्हणून, कांहीं दासी म्हणून. आजच्या आइसलंडकरांची तपासणी केली असतां पुरुषांच्या बाजूचे बहुसंख्य वंश नॉर्वेकडचे निघतात, पण मातृवंशांपैकीं निम्म्याहून अधिक ब्रिटिश बेटांतले निघतात. त्या दासींचीं नांवें बहुतेक बुडालीं. त्यांचें अस्तित्व मात्र बुडालें नाहीं.

नोंदी ठेवण्याच्या बाबतींत हे लोक फार काटेकोर. त्यांच्यांत आपल्यासारखेंच स्वतःच्या नांवापुढें बापाचें नांव लावितात. परंतु स्त्री विवाहानंतरही तेंच नांव ठेविते, म्हणून जुन्या दप्तरांतून तिचा माग काढणें सोपें जातें. शिवाय १७०३ सालीं साऱ्या बेटाची शिरगणती होऊन ५०,३५८ माणसें नांवनिशीवार लिहिलीं गेलीं. संपूर्ण राष्ट्राची अशी नांववार गणना जगांत हीच पहिली, असें मानितात. तिला चर्चच्या नोंदवह्यांची जोड मिळाल्यामुळें आजच्या बहुतेक आइसलंडकरांस आपल्या पूर्वजांचा शोध कित्येक शतकें मागें नेतां येतो.

अशा या देशांत आगनार हेल्गासन नांवाचे शास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी मातृवंश तपाशीत असतां त्यांस कांहीं थोड्या लोकांत सी-१ हा वंश आढळला. हा वंश युरोपचा नव्हे. जे लोक सुमारें चौदा हजार वर्षांपूर्वीं आशियांतून अमेरिकेंत जाऊन वसले, त्यांच्या मोजक्या मातृवंशांपैकीं हा एक. आरंभीं त्यांस वाटलें कीं, कोणी आशियाई स्त्री अलीकडे आइसलंडांत येऊन राहिली असावी. परंतु वंशावळी मागें मागें नेल्या तेव्हां निराळेंच दिसून आलें. हा वंश धारण करणाऱ्या ऐंशींहून अधिक हयात व्यक्ति चार आद्य स्त्रियांपर्यंत जाऊन पोंचल्या. त्या चौघीही सुमारें १७१० ते १७४० या काळांतल्या, आणि दक्षिणेकडील वात्नायोकुल या विस्तीर्ण हिमक्षेत्राच्या आसपास राहणाऱ्या. त्या एकमेकींच्या कोण, तें कोणत्याही दप्तरांत नाहीं; पण चौघींचा लेख एकाच वळणाचा, म्हणजे त्यांची मूळ माता एकच. अर्थात् ती दप्तरांच्याही पलीकडची. सिग्रीडुर सुन्ना एबेनेसेर्सदोत्तिर या विदुषीनें हेल्गासन प्रभृतींच्या सहकार्यानें २०१० सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत असा निष्कर्ष काढिला आहे कीं, ही माता फार तर १७०० च्या किंचित् आधीं, पण बहुधा त्याहून कित्येक शतकें पूर्वीं बेटावर आली असावी.

हें वाचतांच कोणाच्याही मनांत विनलंडची आठवण जागी होईल. इ. स. १००० च्या सुमारास लेफ एरिक्सन ग्रीनलंडहून पश्चिमेस गेला व एका नव्या भूमीस लागला, असें आइसलंडच्या जुन्या गाथांत सांगितलें आहे. पुष्कळ काळपर्यंत विद्वान् लोक यास दंतकथा समजत. परंतु १९६० सालीं हेल्गे इंगस्टाड व त्यांच्या पत्नी आने स्टीन यांस न्यूफाउंडलंड बेटावर लांस ओ मेडोज येथें नॉर्स लोकांच्या घरांचे अवशेष सांपडले. तेथील लांकूड धातूच्या हत्यारानें १०२१ सालीं तोडलेलें आहे, असें २०२१ सालीं निश्चित झालें; ९९३ च्या सुमारास सूर्यावर झालेल्या मोठ्या उत्पाताची खूण खोडाच्या वलयांत राहिली होती, तेथून पुढें सालीपर्यंत वलयें मोजलीं कीं वर्ष निघालें. तेव्हां कोलंबसाच्या पांचशें वर्षें अगोदर हे लोक अमेरिकेस पोंचले होते, यांत शंका नाहीं. मग परतणाऱ्या एखाद्या जहाजांत तेथील एखादी स्त्री कां नसावी? २०१० सालीं अनेक वृत्तपत्रांनीं हीच कल्पना मोठ्या मथळ्यांनीं छापिली.

गाथा मात्र अशा स्त्रीविषयीं मुग्ध आहेत. तांबड्या एरिकच्या गाथेंत एक प्रसंग आहे: मार्कलंड नांवाच्या किनाऱ्यावर नॉर्स लोकांस एक दाढीवाला पुरुष, दोन बाया व दोन मुलगे असे पांच रहिवासी दिसले. मोठीं माणसें निसटलीं आणि दोन मुलगे तेवढे हातीं लागले. त्यांस बरोबर नेलें, भाषा शिकविली, बाप्तिस्मा दिला. मुलांनीं आपल्या आईचें नांवही सांगितलें, तें गाथेंत वेटिल्डी असें नोंदलें आहे. ज्या लेखकानें पकडलेल्या पोरांच्या आईचेंही नांव लिहून ठेविलें, त्यानें समुद्रापार आणिलेल्या बाईविषयीं एक अक्षर लिहूं नये, हें मला चमत्कारिक वाटतें. आणि मातृवंशाच्या दृष्टीनें त्या मुलांचा उपयोग नाहीं. ते आइसलंडांत नांदले असते तरी आईचा धागा त्यांच्याबरोबरच संपला असता.

याहून मोठी अडचण त्या लेखांतच आहे. संशोधकांनीं अकरा व्यक्तींचा संपूर्ण मजकूर वाचला, तेव्हां तो सी-१ च्या अमेरिकेंतील तीन शाखांपैकीं (सी-१-बी, सी-१-सी, सी-१-डी) एकीशींही जुळला नाहीं. आशियांतील सी-१-ए या शाखेशींही नाहीं. म्हणून त्यांनीं सी-१-ई अशी नवी पांचवी शाखा मानिली, आणि तोंपर्यंत ती आइसलंडखेरीज कोठेंच आढळली नव्हती. निबंधकर्त्यांस अमेरिकन उगम अधिक संभवनीय वाटला, तरी आशिया किंवा युरोप यांस वगळतां येत नाहीं असें त्यांनीं प्रांजळपणें लिहिलें. वृत्तपत्रांनीं नेमकें हेंच वाक्य गाळलें.

त्या वाक्याचें महत्त्व २०१४ सालीं कळून आलें. रशियाच्या वायव्येस कारेलिया प्रांतांत ओनेगा सरोवर आहे. त्यांतील एका बेटावरील प्राचीन दफनभूमींत पुरलेल्या, सात-आठ हजार वर्षांपूर्वींच्या एका व्यक्तीच्या अवशेषांतून शास्त्रज्ञांनीं हा लेख वाचून काढिला, तों तो सी-१ निघाला! त्याचीही शाखा स्वतंत्र, म्हणून तिला सी-१-एफ म्हणतात. परंतु ती आइसलंडच्या शाखेची जवळची बहीण असावी असें त्यांस दिसलें. म्हणजे सी-१ ची एक फांदी आशियांतून पूर्वेस अमेरिकेकडे न जातां पश्चिमेस युरोपच्या उत्तर टोंकापर्यंत आली होती. तसें असल्यास आइसलंडची ती माता विनलंडच्या जहाजांतून नव्हे, तर कोणा नॉर्स कुटुंबाबरोबर साध्या मार्गानेंच आलेली असूं शकेल.

मग युरोपांत हा वंश इतरत्र कां उरला नाहीं? लहान वंश सहज बुडतात. आइसलंडांतच १७०७ ते १७०९ च्या देवीच्या सांथींत सुमारें चतुर्थांश लोक दगावले, आणि १७८३ सालीं लाकी ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर पडलेल्या दुष्काळांत पुन्हां सुमारें पंचमांश. ज्यांच्या घरीं त्या वेळीं एकुलती एक मुलगी होती अशा किती मातांचे धागे तेव्हां तुटले असतील! त्या चौघींचे टिकले, यांत दैवाचा भागच अधिक.

या वादाचा निकाल आतां जुन्या हाडांनींच लागावयाचा आहे. आइसलंडच्या पहिल्या वसाहतकऱ्यांपैकीं, म्हणजे लेफच्या सफरीपूर्वीं मरण पावलेल्या एखाद्या व्यक्तीच्या हाडांत सी-१-ई सांपडला, तर अमेरिकेची कल्पना सोडून द्यावी लागेल. उलट लॅब्रेडॉर वा न्यूफाउंडलंड येथील कोलंबसपूर्व थडग्यांत तो निघाला, तर त्या अनाम स्त्रीनें महासागर ओलांडला होता असें म्हणण्यास भक्कम आधार मिळेल.