पट्टीवरची खूण आणि इंजिनाचे आयुष्य

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला, की अहिल्यानगर जिल्ह्यातील रस्त्यांचे रूप पालटते. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा उसाच्या वाहतुकीची भिस्त बैलांवर होती. आजही टायरच्या बैलगाड्या दिसतात. परंतु मोठा भार ट्रॅक्टर आणि ट्रक यांनी उचललेला आहे. प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या कालव्यांखालील गावांत ट्रॅक्टर हा आता चैनीचा नव्हे, तर नित्य गरजेचा विषय झाला आहे. हंगामाच्या भरात असा ट्रॅक्टर बंद पडला, तर केवळ दुरुस्तीचा खर्च येतो असे नाही. तोडलेला ऊस ट्रॉलीत वाळतो, त्याचे वजन आणि त्यातील साखर घटते व तोडणीची टोळीही खोळंबून राहते.

इंजिनाचे ऑइल घरच्या घरी बदलण्याची पद्धत ग्रामीण भागात चांगलीच रुळली आहे. तीत मजुरी वाचते, गॅरेजपर्यंतचा फेरा टळतो आणि आपल्या यंत्राची ओळखही होते. मात्र या कामातील शेवटची पायरी, म्हणजे तेलाची पातळी पाहणे, हीच अनेकदा सर्वांत घाईने उरकली जाते. नवे तेल ओतले, पट्टी बुडवली, खुणेपर्यंत ओल दिसली, की काम संपले असे मानले जाते. वस्तुतः त्या क्षणी पट्टी जे सांगते, ते पूर्ण सत्य नसते.

पहिले मोजमाप का फसवते?

इंजिनाच्या तळाशी तेल साठविण्याचे भांडे असते. त्याला संप म्हणतात. तेथून पंप तेल खेचतो, ते फिल्टरमधून गाळले जाते आणि बारीक वाटांनी क्रँक, बेअरिंग व व्हॉल्व्ह यांच्यापर्यंत पोहोचून पुन्हा संपात उतरते. डिपस्टिक, म्हणजे तेल पाहण्याची पट्टी, केवळ संपातील तेल मोजते. फिल्टरमध्ये किंवा वाटेत असलेले तेल तिला दिसत नाही.

ऑइल बदलताना जुना फिल्टर काढून नवा बसविला, तर तो कोरडा असतो. अशा वेळी ओतलेले सर्व तेल संपातच बसते व पातळी खुणेला टेकलेली दिसते. इंजिन सुरू होताच पंप प्रथम तो फिल्टर भरतो. फिल्टरच्या आकारानुसार पाव लिटरपासून एक लिटरपर्यंत तेल त्यात सामावते, आणि तेवढे तेल संपातून कमी होते. ज्याने इंजिन न चालविता पट्टी पाहिली व समाधान मानले, त्याच्या इंजिनात प्रत्यक्षात तेल कमी असते.

याउलट दुसरी चूकही तितकीच घडते. इंजिन बंद केल्याबरोबर पट्टी काढली, तर वरच्या भागात गेलेले तेल अद्याप खाली उतरलेले नसते. पातळी कमी दिसते, आणि मालक आणखी अर्धा लिटर ओततो. थोड्या वेळाने वरचे तेल उतरले, की पातळी वरच्या खुणेच्याही पलीकडे जाते.

तापमानाचाही परिणाम होतो. तेल ६० अंशांनी तापले, तर त्याचे आकारमान सुमारे ४ टक्क्यांनी वाढते. सात लिटर तेलाच्या इंजिनात हा फरक पाव लिटरहून अधिक भरतो. म्हणूनच काही निर्माते थंड इंजिनाची, तर काही गरम इंजिन बंद करून काही मिनिटांनंतरची पातळी पाहण्यास सांगतात. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत जी रीत दिली असेल, तीच प्रत्येक वेळी पाळावी. आज एका रीतीने व उद्या दुसऱ्या रीतीने घेतलेल्या मोजमापांची तुलना करता येत नाही.

अचूक पातळी पाहण्याची रीत

प्रथम यंत्र सपाट जागी उभे करावे. बांधावर, उतारावर किंवा एक चाक चाकोरीत उतरलेले असताना तेल एका अंगाला सरकते आणि पट्टी चुकीचे सांगते. जुने तेल काढतानाही जागा सपाटच असावी. यंत्र कलते असेल, तर जुने तेल थोडे आतच राहते. मग पुस्तिकेत सांगितलेले पूर्ण माप ओतले, तरी एकूण तेल जास्त होते.

जुने तेल इंजिन कोमट असताना काढावे, म्हणजे ते पातळ होऊन गाळासह बाहेर पडते. तेल पूर्ण निथळल्यावर खालचा बोल्ट वॉशरसह नीट घट्ट करावा. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला तेलाचा हात लावून तो बसवावा. त्यानंतर पुस्तिकेतील माप पाहावे. अनेक पुस्तिकांत फिल्टर बदलल्यास व न बदलल्यास अशी दोन मापे दिलेली असतात. योग्य मापापेक्षा सुमारे अर्धा लिटर तेल सुरुवातीस कमीच ओतावे. कमी पडल्यास भर घालणे सोपे, जास्त झाल्यास काढणे कष्टाचे.

आता इंजिन सुरू करून एक-दोन मिनिटे संथ चालू द्यावे. तेलदाबाचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे किंवा काटा वर गेला पाहिजे. तसे न झाल्यास इंजिन त्वरित बंद करावे. बोल्ट व फिल्टर यांच्याजवळ गळती नाही ना, हे पाहावे. मग इंजिन बंद करून पुस्तिकेत सांगितलेला वेळ, साधारणपणे पाच ते दहा मिनिटे, थांबावे.

पट्टी पहिल्यांदा बाहेर काढावी ती केवळ पुसण्यासाठी. नळीच्या कडांना लागलेले तेल तिला चिकटते. म्हणून पहिले दर्शन हिशेबात धरू नये. धागे न सुटणाऱ्या स्वच्छ फडक्याने पुसून ती पुन्हा पूर्ण बसेपर्यंत आत घालावी व बाहेर काढून दोन्ही बाजू पाहाव्यात. एका बाजूस ओल अधिक वर गेलेली असेल, तर खालची सलग रेषा खरी मानावी. नवे तेल मधासारखे स्वच्छ असल्याने त्याची रेषा चटकन दिसत नाही. अशा वेळी पट्टी उजेडात तिरपी धरावी किंवा पांढऱ्या कागदावर तिचा ठसा घ्यावा. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ असावी. कमी असल्यास थोडे थोडे तेल घालून दर वेळी पुन्हा थांबावे व पुन्हा पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू करण्यापूर्वी एकदा खात्री करून घेणे हिताचे ठरते.

कमी आणि जास्त, दोन्ही घातक

तेल कमी असले, तर चढावर किंवा वळणावर पंपाच्या तोंडी तेलाऐवजी हवा येते. बेअरिंग कोरडी पडतात, धातू धातूवर घासतो आणि इंजिनाचे मोठे काम निघते.

जास्त तेलाने काय बिघडणार, असा समज मात्र सर्वत्र आढळतो. पातळी वरच्या खुणेच्या बरीच पलीकडे गेली, तर फिरता क्रँक तेलात बुडून ते घुसळतो. तेलाला फेस येतो, फेसात हवा असते आणि हवेने वंगण होत नाही. तेल तापते, सिलांतून झिरपते व धुरावाटे जळते. डिझेल इंजिनात अतिरिक्त तेल हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरले, तर ते इंधनाप्रमाणे पेटून इंजिन बेलगाम धावण्याचाही धोका असतो. म्हणून जास्त झालेले तेल आळस न करता काढून टाकावे.

तेल न घालताच पातळी वाढत असेल, तर तो धोक्याचा इशारा होय. तेलाला डिझेलचा वास येऊन ते पातळ झाले असेल, तर आत डिझेल उतरत आहे. ते दुधाळ दिसत असेल, तर पाणी मिसळले आहे. दोन्ही बाबतीत इंजिन न चालविता मिस्त्रीस दाखवावे. डिझेल इंजिनातील तेल लवकर काळे पडते, तेवढ्यावरून मात्र ते खराब झाले असे समजू नये. बदलण्याची वेळ तासांच्या मीटरवरून ठरवावी. अनेक ट्रॅक्टरांत ती २५० तासांची असते.

दुचाकीची गोष्ट वेगळी

१९७२ साली बाजारात आलेली व पुढे अहमदनगरच्या कारखान्यात तयार होणारी लूना अनेक शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी वापरली. तिचे इंजिन टू स्ट्रोक होते. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळले जाई व त्याबरोबर जळून जाई. त्यामुळे इंजिनातील ऑइलची पातळी पाहण्याचा प्रश्नच नव्हता. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि पुढे फोर स्ट्रोक मोटारसायकली घरोघरी पोहोचल्या. त्यांच्यात तेल संपात राहते व सामान्यतः तेच तेल क्लच आणि गिअर यांनाही पुरते. एकूण तेल लिटरच्या आसपास असल्याने पाव लिटरची चूकही तेथे मोठी ठरते. मोटारसायकल बाजूच्या स्टँडवर कलती न ठेवता सरळ उभी करून पातळी पाहावी. अनेक मोटारसायकलींत पट्टीचे झाकण आट्यांत न फिरवता नुसते टेकवून मोजायचे असते. फिरवून मोजल्यास पट्टी अधिक खोल जाते आणि तेल आहे त्याहून जास्त दिसते.

नोंद आणि जुने तेल

पाण्याचा टँकर, जनित्र किंवा डिझेल पंप चालविणाऱ्या ग्रामपंचायतींनी लॉगबुकात तेल बदलल्याची तारीख, मीटरवरील तास, ओतलेले माप आणि दुसऱ्या दिवशीची पातळी यांची नोंद ठेवावी. चालक बदलला, तरी यंत्राचा इतिहास त्यामुळे हरवत नाही, आणि वाढता तेलखप वेळीच लक्षात येतो.

काढलेले जुने तेल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा मोकळ्या जमिनीवर कदापि टाकू नये. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार यांच्या जिल्ह्यात पाण्याच्या थेंबाचे मोल वेगळे सांगावयास नको. २०१६ च्या धोकादायक कचराविषयक नियमांखाली वापरलेले तेल मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांपर्यंत पोहोचेल, अशी व्यवस्था पंचायतीने गावातील गॅरेजवाल्यांच्या सहकार्याने करावी.

शाळेतील विज्ञानाच्या तासाला ही पट्टी उत्तम साधन ठरू शकते. द्रवाची समपातळी, उष्णतेने होणारे प्रसरण आणि मोजमापातील चूक हे तिन्ही धडे तिच्यात आहेत. सपाट जागा, दहा मिनिटांचा धीर आणि स्वच्छ फडके यांसाठी पैसे पडत नाहीत. परंतु ऐन हंगामात शेतकऱ्याचे लाखमोलाचे यंत्र त्यांच्यामुळेच चालते राहते.