मांडवावरची तपकिरी गाठ

घोसाळ्याचा किंवा दोडक्याचा वेल संपत आला की आपण तो ओढून काढतो आणि परसाच्या कोपऱ्यात पेटवून देतो. मीही तेच करायचे. मग एकदा वेल ओढताना मांडवाच्या काठीवर एक तपकिरी गाठ हाताला लागली. बोटाच्या पेराएवढी, वाळलेल्या फेसासारखी. सासूबाई म्हणाल्या, "कुंभारणीचं घर असेल, टाक खरवडून." पण कुंभारणीचं घर मातीचं असतं, नखानं भुगा होतो. ही गाठ हलकी आणि चिवट होती.

ती होती प्रार्थना कीटकाची अंडी. पुढचे पाय जोडून बसणारा, मान वळवून आपल्याकडे बघणारा हिरवा किडा तुम्ही पाहिलाच असेल. काही जण त्याला खंडोबाचा किडा म्हणतात. मादी अंडी घालताना फेस सोडते, तो वाळून कडक होतो आणि अंडी आत ओळीनं सुरक्षित राहतात. जातीप्रमाणे एका गाठीत काही डझन ते दोनतीनशे अंडी असतात.

सगळ्यात चांगलं म्हणजे ती आहे तिथंच राहू द्यावी. काठी काढावीच लागली, तर गाठ उचकटू नका, काठीच वीतभर कापून घ्या.

मी पहिल्यांदा काय केलं, तर गाठ झाकणाच्या बरणीत घातली आणि रोज पाणी शिंपडलं. आठवड्यात पांढरी बुरशी! दुसऱ्या वेळी मोठी काचेची बरणी घेतली, तोंडाला जुन्या साडीचं मलमल रबरानं बांधलं. काठी झाडावर होती तशीच, वरची बाजू वर ठेवून टांगली आणि खाली चार बोटं जागा मोकळी सोडली. ही जागा फार महत्त्वाची. पिल्लं बाहेर पडताना बारीक धाग्याला लोंबकळतात आणि तिथंच पहिली कात टाकतात. जागा नसेल तर ती वाकडी होतात, जगत नाहीत.

बरणी सावलीत ठेवा, उन्हात काच तापते. दोनतीन दिवसांनी बरणीच्या आतल्या बाजूला पाण्याचा हलका फवारा द्या, थेट गाठीवर नको. अगदीच कोरडं झालं तर पिल्लं गाठीतच अडकतात. मुंग्यांसाठी बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवा, कारण मुंग्यांना एकदा वास लागला की काही उरत नाही. थंड देशांतल्या काही जातींची अंडी आधी थंडीत ठेवावी लागतात, म्हणून कोणी फ्रीजचा सल्ला देईल. आपल्याकडच्या गाठींना त्याची गरज नाही. आपल्या उबेत साधारण तीन ते सहा आठवडे लागतात, थंडीच्या दिवसांत जास्त.

कधीकधी पिल्लांऐवजी चमकदार हिरव्या, शेपटीला लांब सुई असलेल्या इवल्याशा गांधीलमाश्या निघतात आणि गाठीला गोल भोकं दिसतात. त्या माशीनं आधीच आत अंडी घातलेली असतात. त्यात आपली चूक काही नाही. आणि मादीचा नराशी संबंध आलाच नसेल, तर गाठ दिसायला तशीच असते पण बहुतेकदा त्यातून काहीच निघत नाही.

पिल्लं बहुधा एकाच दिवशी, सकाळच्या वेळी भराभर बाहेर पडतात. दिसायला मुंगीएवढी, पण भूक मोठी. खायला मिळालं नाही की एकमेकांना धरतात. म्हणून फार तर एक दिवस ठेवा. पिकलेल्या केळ्याच्या सालीवर येणारी चिलटं त्यांना चालतात. मग संध्याकाळी ऊन उतरलं की एका झाडावर दोनतीन अशी वेगवेगळ्या झाडांवर सोडा. नुकती औषधफवारणी झालेल्या झाडावर मात्र नको.

यांनी बागेतली सगळी कीड जाईल, असं मी म्हणणार नाही. लहानपणी ती मावा खातात, मोठेपणी अळ्या आणि नाकतोडे, पण मधमाशी आणि फुलपाखरूही सोडत नाहीत. भोपळ्याच्या फुलांवर मधमाश्या येत असतील तर तिथं सोडू नका.

माझ्या बरणीतून साठसत्तर निघाली असतील. महिन्याभरानं वांग्याच्या पानाखाली एकच सापडलं, नखाएवढं, हात जोडून बसलेलं. सासूबाईंना दाखवलं. त्या चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पाणी त्याच्या अंगावर ओतू नकोस."