गाडी सामाईक, हिशेब ज्याचा त्याचा

कापड बाजारातील आम्ही चार दुकानदारांनी एकदा भागीदारीत मोटार घेतली होती. रक्कम चौघांनी सारखी घातली, पेट्रोल ज्याचे त्याने भरायचे ठरले. दोन वर्षांत गाडी विकावी लागली. लग्नसराईत चौघांनाही ती एकाच दिवशी हवी असे. दाराला पोचा कोणाच्या हातून आला, हे आजतागायत ठरलेले नाही!

म्हणून स्वित्झर्लंडमध्ये हाच व्यवहार लाखो लोक बिनतक्रार करतात हे वाचून आम्हाला नवल वाटले. तेथील झुरिक शहरात १९४८ सालीच ‘सेफागे’ नावाची सामाईक गाड्यांची योजना निघाली होती. ज्यांना स्वतःची मोटार परवडत नव्हती असे लोक तिच्यात होते. पुढे १९८७ साली दोन सहकारी संस्था निघाल्या, १९९७ साली त्या एक झाल्या आणि ‘मोबिलिटी’ हे नाव पडले. आज तिचे ग्राहक दोन लाखांहून अधिक आणि लाल रंगाच्या गाड्या सुमारे तीन हजार. म्हणजे एका गाडीमागे साठाहून जास्त माणसे.

आम्ही चौघांत भांडलो, मग साठांत कसे निभते? एक तर आम्ही सारे कापडवाले, चौघांचा हंगाम एकच. तिकडे कोणाला बुधवारी दोन तास गाडी लागते, कोणाला शनिवारी. एक गाडी गुंतलेली असली तर जवळच्या दुसऱ्या ठिकाणची मिळते. शिवाय भाडे तासावर आणि किलोमीटरवर. इंधन, विमा, दुरुस्ती त्यातच आली. गाडी घेताना आधीचा पोचा दिसला तर तेव्हाच कळवायचा, म्हणजे नंतर वाद नको. आणि मुख्य गोष्ट म्हणजे तेथील रेल्वे वेळेवर धावते. लांबचा पल्ला रेल्वेने, पुढचा तुकडा गाडीने.

आपल्याकडे दारात गाडी म्हणजे इज्जत. रात्री-अपरात्री दवाखान्याचे काम निघाले तर, हा प्रश्नही खोटा नाही. पण रोज दोन तास चालणारी गाडी बावीस तास उभीच असते. हप्ता, त्यावरचे व्याज आणि विमा मात्र उभ्या गाडीवरही चढत राहतो. दुकानात पडून राहिलेल्या मालाचा हिशेब आपण काढतो, गाडीचा काढत नाही. आपले लोक शेअर रिक्षात अनोळखी माणसाशेजारी रोज बसतात, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

एक खबरदारी मात्र घ्यावी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे कायद्यात बसत नाही. अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या परवानाधारक गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. ती पाहूनच पैसे मोजावेत, आणि किल्ली घेण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारून पोचे मोजावेत.