टीबीनंतर उघड्यावरचे काम : आधी छाती तपासा, मग मोबदला विचारा

टीबीतून बरे झालेले तरुण वस्त्यांमध्ये एक गोष्ट हमखास बोलतात : "आता त्या कोंदट जागेत परत जायचे नाही." कारखाना, गोदाम किंवा कॉल सेंटर सोडून त्यांना नर्सरी, शेती, माळीकाम करावेसे वाटते, कुणाला जंगल सफारीत गाईड व्हायचे असते. घरचे मात्र हादरतात. "शिकवले ते पुन्हा मातीत जायला का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. आपल्या आजा-पणज्यांनी उन्हातान्हात जे केले ती महारकी होती. मोबदला ठरलेला नाही, नकार देण्याची सोय नाही. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाबाबत विधेयक मांडले ते त्यामुळेच. पण चळवळीचे मातीशी वैर नव्हते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले ते जमिनीसाठीच. त्यामुळे काम उघड्यावरचे आहे की छताखालचे, यापेक्षा ते कोणत्या अटींवर आहे हे आधी पाहावे.

आता आजाराकडे येऊ. 'मोकळ्या हवेने टीबी बरा होतो' ही समजूत सॅनिटोरियमच्या काळातली. मद्रासमध्ये झालेल्या आणि 1959 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले, की दाटीवाटीच्या घरात राहून औषधे घेणारे रुग्णही सॅनिटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे होतात. बरे करतात ती औषधे. साध्या टीबीत ती किमान 6 महिने चालतात, आणि बरे वाटले म्हणून मध्येच सोडली तर आजार उलटतो. कोंदट, गर्दीच्या खोलीत संसर्ग पसरतो हे खरेच. पण तुमचा आजार हवापालटाने गेलेला नाही.

शिवाय औषधे संपली म्हणजे फुप्फुसे पूर्वीसारखी झाली असेही नसते. अनेकांच्या छातीत व्रण राहतात, जिना चढताना दम लागतो. म्हणून काम बदलण्याआधी डॉक्टरांकडून श्वासाची क्षमता मोजणारी तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या. उपचार संपल्यावर 2 वर्षे दर 6 महिन्यांनी तपासणी व्हायला हवी, असे राष्ट्रीय कार्यक्रमच सांगतो. आपल्याकडे ती बहुतेक जण चुकवतात.

उघड्यावरचे प्रत्येक काम छातीला मानवतेच असेही नाही. दगडखाण, खडी क्रशर, बांधकामावरची दगड-टाइल कटाई पूर्ण वर्ज्य. दगडाच्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर गाठतो. नर्सरीतही पिशव्या भरताना माती आणि खत आधी ओले करा, तोंडाला मास्क लावा. कुजलेल्या खतातली बुरशी जुन्या टीबीच्या पोकळीत घर करू शकते. फवारणीला तर नाहीच म्हणा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे 20 शेतकरी-शेतमजूर दगावले. सम्यक आजीविकेत बुद्धांनी विषाचा व्यापार वर्ज्य सांगितला. ते विष पोटासाठी स्वतःच्या छातीत भरणाऱ्या मजुराचाही विचार आपण त्याच जागी करायला हवा, असे मला वाटते.

पैशाचे सांगायचे तर राजीनाम्याची घाई करू नका. ईएसआय कापला जात असेल तर टीबी हा दीर्घ आजारांच्या यादीत आहे. नोकरीला 2 वर्षे झाली असतील आणि हप्ते नियमित भरले असतील, तर पगाराच्या सुमारे 80 टक्के रक्कम दीर्घकाळ मिळू शकते. नोकरी सोडली की हा आधार तुटतो. उपचार चालू असताना निक्षय पोषण योजनेचे महिना 1000 रुपयेही बँक खात्यात येतात का ते बघा.

नवीन जागी रोजंदारी की पगार, पावसाळ्यात काय, आजारी पडल्यास काय, हे आधीच विचारा. स्वतःची शेती करायची असेल आणि कुटुंब भूमिहीन व दारिद्र्यरेषेखालील असेल, तर कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच आहे : 4 एकर कोरडवाहू किंवा 2 एकर बागायती जमीन. अडचण एवढीच, की सरकारी दराने विकायला जमीनमालक सहसा तयार नसतात आणि अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात. म्हणून अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे आजच द्या, पोच घ्या, पण त्या भरवशावर हातची नोकरी सोडू नका.